मेट्सचे पहिले दोन महिने: तक्ता बाजूला ठेवून टीम कशी ओळखायची

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल टीमच्या नादी लागायचं असेल तर आधी दोन आकडे समोर ठेवा. २ जून २०२४ रोजी त्यांचा हिशेब होता २४ विजय आणि ३५ पराभव. १२ जून २०२५ रोजी तो होता ४५-२४, आणि त्या दिवशी अख्ख्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) त्याहून चांगला हिशेब कुणाचाच नव्हता. पहिल्या वर्षी हीच टीम ८९ मॅचेस जिंकून नॅशनल लीगच्या फायनलपर्यंत पोचली आणि तिथे डॉजर्सकडून हरली. दुसऱ्या वर्षी ८३ वर अडकली आणि मोसमाच्या अगदी शेवटच्या दिवशी प्लेऑफमधून बाहेर पडली.

दोन्ही वर्षी जूनच्या सुरुवातीला चाहते जे छातीठोकपणे सांगत होते, ते साफ उलटं झालं. मग पहिले दोन महिने बघायचं तरी काय? बघण्यासारखं भरपूर असतं, फक्त ते विजय-पराभवाच्या तक्त्यात नसतं. खालच्या पायऱ्या मेट्सच्या उदाहरणानं सांगितल्या आहेत, पण टीम कुठलीही चालेल. बेसबॉलचे प्राथमिक नियम ठाऊक आहेत असं धरून चाललो आहे. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना तर काहीच अडचण येऊ नये.

पायरी १: मोसमाची लांबी डोक्यात बसवा

आयपीएलमध्ये एका टीमला लीगच्या १४ मॅचेस. मेजर लीगमध्ये १६२, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळपास रोज. म्हणजे आयपीएलची एक मॅच ही इथल्या साडेअकरा मॅचेसच्या वजनाची झाली. २०१४ मध्ये मुंबई इंडियन्स पहिल्या पाच हरले तेव्हा त्यांचा एक तृतीयांश मोसम संपला होता (तरी ते प्लेऑफला गेले, ही गोष्ट वेगळी). २०२४ मध्ये मेट्सही पहिल्या पाच हरले, पण त्यात त्यांचा मोसम फक्त तीन टक्के सरला होता.

मेजर लीगच्या ३० टीम्स नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीगमध्ये, आणि प्रत्येक लीग तीन डिव्हिजनमध्ये विभागलेली. त्यातल्या १२ टीम्स प्लेऑफला जातात: प्रत्येक लीगमधून तीन डिव्हिजनविजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांपैकी सर्वोत्तम तीन. २०२२ पासून जागा वाढल्यामुळे मेअखेर सात-आठ मॅचेसनी मागे असलेली टीमसुद्धा संपलेली नसते. २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स मे महिन्यात १९-३१ होते आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले. उलट बाजूला २०२३ चे पिट्सबर्ग पायरेट्स: २०-८ अशी धडाकेबाज सुरुवात आणि मोसमाचा शेवट ७६-८६.

पायरी २: मोसम सुरू होण्याआधी एक आकडा लिहून ठेवा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला चेंडू पडण्याआधी, आपल्या टीमला किती विजय मिळतील याचा अंदाज वहीत लिहा. फॅनग्राफ्ससारख्या साइटवर प्रत्येक टीमचे अंदाज मिळतात, ते बघून लिहिलं तरी चालेल. फ्लोरिडातल्या पोर्ट सेंट लुसीला मेट्सच्या सराव-मॅचेस होतात, त्यांच्या निकालांना मात्र काडीची किंमत देऊ नका. तिथे पाचव्या इनिंगनंतर निम्मी टीम बदललेली असते.

लिहून ठेवायचं कारण असं, की एप्रिलमध्ये आपलं मत रोज बदलतं आणि जूनमध्ये आपल्याला वाटतं की आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

एक जुनी आकडेमोड इथे उपयोगी पडते. टीमच्या आजच्या हिशेबात ३५ विजय आणि ३५ पराभव मिळवायचे, आणि मग टक्केवारी काढायची. थोड्या मॅचेसवरून मोठा निष्कर्ष काढायचा मोह त्यानं आवरतो. ०-५ ला हे लावलं तर ३५-४० येतं, म्हणजे जरा कच्ची पण ठीकठाक टीम. सुरुवातीला हे सूत्र मनाला बरीच शांतता देतं.

पण त्याची मर्यादाही बघून घ्या. २४-३५ ला हे लावलं तर ५९-७०, म्हणजे उरलेल्या १०३ पैकी साधारण ४७ विजय आणि एकूण ७१. प्रत्यक्षात ८९ आले. ४५-२४ ला लावलं तर एकूण साधारण ९८ येतात, प्रत्यक्षात ८३. सूत्राला फक्त विजय-पराभव कळतात. कोणाचा पाय दुखावला, कोण कितव्या नंबरवर बॅटिंगला येतो, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपल्याला बघायचं आहे.

पायरी ३: बघण्याची वेळ ठरवा

न्यूयॉर्क-न्यूजर्सीत असाल तर एसएनवाय चॅनल मिळेल असं पॅकेज घ्या, कारण एमएलबी डॉट टीव्हीच्या मूळ पॅकेजमध्ये घरच्या भागातल्या टीमच्या मॅचेस ब्लॅकआउट असतात. गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे तिघं तिथे कॉमेंटरी करतात. त्यातले हर्नांडेझ आणि डार्लिंग १९८६ च्या विजेत्या टीममधले. मॅच १०-१ अशी एकतर्फी झाली की हे तिघं खरे रंगात येतात, त्यामुळे हरतानाही टीव्ही बंद करू नका.

भारतातून बघणाऱ्यांना रोजची मॅच म्हणजे पहाटेचं काम. न्यूयॉर्कची संध्याकाळी ७:१० ची मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:४० ला सुरू होते. टीम लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोला गेली की सकाळी ७:४० ला, म्हणजे चहाबरोबर. रविवारी दुपारी १:४० ची असेल तर आपल्याकडे रात्री ११:१०. रोज पूर्ण बघायचा हट्ट कुणीच धरू नये. आठवड्यात दोन मॅचेस नीट बघा, बाकीच्यांचा बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, वाचा.

एप्रिलमध्ये मैदानात जायचं असेल तर जॅक्सन हाइट्सच्या चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर डोसा खाऊन सात नंबरची लोकल पकडा, सहावं स्टेशन मेट्स-विलेट्स पॉइंट. थंडीचे कपडे मात्र नेमके हवामान बघून नाही, त्याहून दुप्पट न्या. सिटी फील्डवर फ्लशिंगच्या खाडीचा वारा येतो आणि सातव्या इनिंगला पाय गोठतात. या वाऱ्याचा खेळावरही परिणाम होतो. थंड हवेत चेंडू कमी लांब जातो, त्यामुळे एप्रिलमध्ये कुंपणाजवळ झेल होणारे फटके जुलैत होमरन ठरू शकतात.

पायरी ४: पिचर आधी बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण सुरुवातीच्या काळात सगळ्यात लवकर खरं बोलतं ते पिचिंग.

रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीनं मॅच सुरू करणाऱ्या पिचर्समध्ये, पाच, कधी सहा स्टार्टर असतात. म्हणजे एप्रिलअखेर प्रत्येकाच्या पाच-सहा मॅचेस झालेल्या असतात. एवढ्यावर ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरनं दिलेले रन) बघून मत बनवणं धोक्याचं. समजा एखाद्यानं पहिल्या तीन मॅचेसमध्ये १५ इनिंगमध्ये ९ रन दिले. त्याचा ईआरए ५.४०, आणि सगळे त्याच्या नावानं बोटं मोडताहेत. पुढच्या तीनमध्ये त्यानं १८ इनिंगमध्ये ४ रन दिले की तोच ईआरए ३.५५ वर येतो. माणूस तोच.

त्याऐवजी तीन गोष्टी टिपा.

पहिली, फास्टबॉलचा वेग. बेसबॉल सॅव्हंट या साइटवर प्रत्येक पिचचा वेग फुकट बघायला मिळतो. गेल्या वर्षीची सरासरी ताशी ९५ मैल (म्हणजे साधारण १५३ किलोमीटर) असेल आणि यंदा ९३ असेल, तर रन दिले नसले तरी सावध व्हा. थंडीत वेग थोडा कमी असतोच, तेवढी सूट द्यायची. पण दोन मैलांचा फरक तीन मॅचेस टिकला तर बहुतेक वेळा खांदा किंवा कोपर काहीतरी सांगत असतं.

दुसरी, स्ट्राइकआउट आणि वॉक. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ७० बॅटर्स झाल्यावर विश्वासार्ह होऊ लागतं, म्हणजे स्टार्टरच्या तिसऱ्या मॅचच्या आसपासच. चेंडू मैदानात मारला गेला की त्यात फिल्डर, वारा, नशीब सगळे येतात. स्ट्राइकआउटमध्ये पिचर आणि बॅटर दोघंच.

तिसरी गोष्ट बहुतेक चाहते बघत नाहीत आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: स्टार्टर किती इनिंग टिकला. बॉक्स स्कोअरमध्ये नावापुढे ५.२ असं लिहिलेलं असतं. ते दशांश नव्हेत, पाच इनिंग पूर्ण आणि सहावीतले दोन आउट असा त्याचा अर्थ. शेजारी एकूण पिचेस असतात. ५.२ इनिंगला ८४ पिचेस आणि ४.१ इनिंगला ९६ पिचेस, दोघांनीही दोनच रन दिले असतील, पण दुसऱ्यानं बुलपेनवर, म्हणजे नंतर येणाऱ्या रिलीव्हर पिचर्सवर, जवळपास पाच इनिंगचं काम टाकलेलं असतं. हे एकदा झालं तर ठीक. आठवड्यात चारदा झालं की पुढच्या आठवड्यात आठव्या इनिंगला आघाडी निसटते, आणि शिव्या बसतात त्या दिवशीच्या रिलीव्हरला.

२०२५ च्या मेट्सची गोष्ट बरीचशी हीच आहे. सुरुवातीला त्यांचं पिचिंग लाजवाब होतं. कोडाई सेंगाचा ईआरए १२ जूनला १.४७ होता. क्ले होम्स आदल्या वर्षी यांकीजचा क्लोजर, म्हणजे मॅचचा शेवट करणारा पिचर, होता, तो इथे स्टार्टर म्हणून उतरला आणि जमवून दाखवलं. रन कमी जात होते म्हणून तक्ता सुंदर दिसत होता. पण हे सगळं पाच-पाच इनिंगच्या टेकूवर उभं होतं. १२ जूनच्या मॅचमध्ये पहिल्या बेसवर धावताना सेंगाची मांडीची शीर दुखावली. मग टायलर मेगिलचं कोपर, ग्रिफिन कॅनिंगची टाचेची शीर. जूननंतर बरेच आठवडे डेव्हिड पीटरसन सोडला तर सहा इनिंग पूर्ण करणारा स्टार्टर मेट्सकडे जवळपास नव्हताच. त्या १२ जूनपासून पुढचा हिशेब ३८-५५.

तेव्हा वहीत प्रत्येक मॅचपुढे दोनच आकडे लिहा: स्टार्टरच्या इनिंग आणि त्याच्या पिचेस. महिनाभरानं ते पान उघडून बघा, तक्त्यापेक्षा जास्त सांगेल.

पायरी ५: बॅटर्सना वेळ द्या

इथे उलटं. बॅटिंगची सरासरी स्थिरावायला एक मोसमही अपुरा पडतो. एप्रिलमधली .१८० आणि .३६० दोन्ही तितक्याच फसव्या. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंग झाल्यावर अर्थपूर्ण होतं, वॉकचं १२० नंतर. तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात बघायचं ते एवढंच: हा गेल्या वर्षीपेक्षा जास्त स्ट्राइकआउट होतोय का, आणि चेंडू बॅटला लागतो तेव्हा तो जोरात जातोय का. ताशी ९५ मैलांच्या वर गेलेल्या फटक्यांचं प्रमाण सॅव्हंटवर असतं. ते टिकून असेल आणि सरासरी पडली असेल, तर गडी बरा आहे, चेंडू फिल्डरच्या हातात जाताहेत.

फ्रान्सिस्को लिंडोरचं २०२४ बघा. एप्रिलमध्ये त्याला काही जमेना. हुर्यो करण्याऐवजी सिटी फील्डच्या प्रेक्षकांनी त्याला उभं राहून टाळ्या दिल्या. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांकडून ही फारच दुर्मीळ वागणूक. मेच्या मध्यापर्यंत सरासरी .२०० च्या आसपासच होती. मग मॅनेजर कार्लोस मेंडोझानं त्याला पहिल्या नंबरवर पाठवलं. मोसमाअखेर ३३ होमरन, आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या खालोखाल दुसरा.

पुढच्या वर्षी तीच पाळी हुआन सोतोवर आली. १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलर्सचा करार, आणि मेमध्ये रेडिओवर रोज त्याच्या नावानं खडे फोडणं चालू. वॉक मात्र तो पहिल्यासारखेच घेत होता, नजर तशीच होती. शेवटी ४३ होमरन आणि ३८ स्टील.

पायरी ६: रनांचा हिशेब, दर २७ मॅचेसनी

१६२ चे सहा भाग केले की प्रत्येकी २७ मॅचेस. पहिला भाग एप्रिलच्या शेवटी संपतो, दुसरा मेअखेर. त्या दोन दिवशी एवढंच करा: टीमनं केलेल्या रनांचा वर्ग घ्या, दिलेल्या रनांचा वर्ग घ्या, आणि पहिल्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेनं भागा. हे बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याचं सूत्र. समजा २७ मॅचेसमध्ये १३० रन केले आणि ११० दिले. १६,९०० भागिले २९,००० म्हणजे .५८३, म्हणजे २७ पैकी जवळपास १६ विजय मिळायला हवे होते. तक्त्यात १२-१५ दिसत असेल तर टीम तक्त्यापेक्षा चांगली आहे.

फरक कुठे गेला? बहुतेक वेळा एका रनानं हरलेल्या मॅचेसमध्ये. त्या मोजा. एका रनाच्या मॅचेस दोन महिन्यांच्या हिशेबात नाणेफेकीच्या जवळ जाणाऱ्या असतात. त्यात १२-३ असणारी टीम पुढेही तशीच राहील असं धरू नका.

पायरी ७: इंज्युअर्ड लिस्ट वाचायला शिका

दुखापतग्रस्त खेळाडूंच्या या यादीची बातमी सामन्याच्या निकालापेक्षा आधी वाचा. बॅटर १० दिवसांच्या लिस्टवर जातो, पिचर १५ दिवसांच्या. ६० दिवसांच्या लिस्टवर टाकला तर दुखापत मोठी आहे, शिवाय टीमला ४० जणांच्या यादीत एक जागा हवी आहे. रोज खेळायला २६ जणच मिळतात, त्यात पिचर जास्तीत जास्त १३.

आदल्या रात्री बुलपेननं सहा इनिंग टाकल्या आणि सकाळी ट्रिपल-एच्या (मेजर लीगच्या लगेच खालची पातळी) टीमकडून, म्हणजे सिराक्यूजहून, एखादा पिचर बोलावला, तर समजायचं की ताजे हात संपलेत. तो बिचारा एक दिवस खेळून परत जातो. एका खेळाडूला मोसमात असं पाचदाच खाली पाठवता येतं, त्यामुळे एप्रिलमध्येच ही उधळण झाली तर ऑगस्टमध्ये पर्याय उरत नाहीत.

‘लवकरच परतेल’ या शब्दांवर कधीच भरवसा ठेवू नका. २०२४ मध्ये सेंगाचा खांदा वसंतातच दुखावला होता. तो परतला २६ जुलैला, आणि त्याच मॅचमध्ये पोटरी दुखावून पुन्हा बाहेर गेला.

पायरी ८: समोर कोण होतं ते मेअखेर पुन्हा बघा

२०२४ च्या त्या पाच पराभवांपैकी तीन मिलवॉकी ब्रुअर्सकडून आणि दोन डेट्रॉइट टायगर्सकडून होते. टायगर्स आदल्या वर्षी ७८-८४ होते, म्हणून घरच्या मैदानावर त्यांच्याकडून हरणं फार लागलं. पुढे दोन्ही टीम्स प्लेऑफला गेल्या. ऑक्टोबरमध्ये त्याच ब्रुअर्सविरुद्ध निर्णायक मॅचच्या नवव्या इनिंगला पीट अलोन्सोनं होमरन मारून मेट्सना पुढे नेलं. एप्रिलमध्ये प्रतिस्पर्ध्याची किंमत गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून ठरते, आणि ती बऱ्याचदा चुकते. म्हणून पराभवाला ‘चांगला’ किंवा ‘लाजिरवाणा’ ही लेबलं लावायचं काम दोन महिने पुढे ढकला.

पावसानं रद्द झालेल्या मॅचेसही लिहून ठेवा. त्या पुढे एकाच दिवशी दोन-दोन खेळाव्या लागतात आणि पिचिंगचं गणित बिघडवतात. २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळामुळे अटलांटाच्या दोन मॅचेस मोसम संपल्यावर, ३० सप्टेंबरला, एकाच दिवशी खेळाव्या लागल्या. मेट्सनी पहिली ८-७ अशी जिंकली आणि जागा पक्की केली.

पायरी ९: आपसातल्या लढतींचा वेगळा कप्पा

पूर्वी बरोबरी झाली तर १६३ वी मॅच व्हायची. २०२२ पासून ती बंद आहे. आता आधी आपसातल्या मॅचेसचा हिशेब बघतात. डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमशी वर्षात १३ मॅचेस असतात, बाकीच्या बहुतेक नॅशनल लीग टीम्सशी सहाच्या आसपास. सहा मॅचेसमध्ये एप्रिलची एक मालिका गेली की निम्मा हिशेब झालेला असतो, आणि तेव्हा समोरची टीम शर्यतीत असेल असं कुणाच्या मनातही नसतं.

वहीच्या शेवटच्या पानावर नॅशनल लीगच्या उरलेल्या १४ टीम्सची नावं लिहा आणि प्रत्येक मालिकेनंतर पुढे आकडा घाला. २०२५ मध्ये मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स दोघंही ८३-७९ वर संपले. शेवटच्या दिवशी दोघंही हरले. आपसातल्या सहापैकी चार रेड्सनी जिंकल्या होत्या, म्हणून प्लेऑफला ते गेले.